लपणाची खिडकी

पाणवठ्यावरचे पक्षी जवळून पाहायचे, तर बांबूच्या तट्ट्यांचं लपण घरच्या घरी बांधता येतं. त्याचा जीव मात्र खिडकीत! आधी आत स्टुलावर बसा आणि डोळ्यांची उंची खडूनं आखा. तिथंच हातभर रुंद, वीतभर उंच फट कापा. काच नको, ती चकाकते. झडप आत उघडणारी हवी. बिजागरी कुरकुरते, म्हणून जुन्या सायकलच्या ट्यूबची पट्टी ठोका. समोरासमोर दोन खिडक्या नकोत. मागून उजेड आला, की तुमची हालचाल दिसते आणि खंड्या उडालाच! आतून काळं कापड लावा. आणि हो, हे लपण फक्त पक्षी पाहण्यासाठी; शिकारीला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंदी आहे. तेव्हा नेम धरायचा, तो दुर्बिणीनंच.