गाडी किती खाली घ्यायची?



कविता लिहिणारा माणूस गाडीच्या स्प्रिंगविषयी बोलू लागला, तर तुम्हांला नवल वाटेल. पण कारण घरातलंच आहे. माझ्या भाच्यानं जुनी स्विफ्ट घेतली आणि उंची व कडकपणा कमी-जास्त करता येईल असं सस्पेन्शन तिला बसवून घेतलं. बसवणाऱ्यानं गाडी पार खाली उतरवली, शॉकअप कडक केले. गाडी देखणी दिसू लागली. पुढच्याच आठवड्यात कंबरदुखीनं बेजार झालेल्या माझ्या थोरल्या बहिणीला, म्हणजे त्याच्या आईला, त्या गाडीतून दवाखान्यात न्यावं लागलं. घरी आल्यावर आपा एवढंच म्हणाली, "बेटा, उद्यापासून मला रिक्षा बोलाव."

पोराचा चेहरा उतरला. पुढच्या रविवारी आम्ही दोघं ओळखीच्या एका जुन्या मिस्त्रीकडे गेलो. तिथं जे शिकलो, ते सांगतो.

स्प्रिंग गाडीचं वजन झेलते आणि शॉकअप तिचं हेलकावणं थांबवतो. दोघांनाही काम करायला चाकाखाली-वर जागा लागते. गाडी फार खाली घेतली की ती जागा संपते. मग खड्ड्यात शॉकअप आतल्या रबरी ठोकळ्यावर आपटतो आणि दणका थेट पाठीत जातो. शिवाय आपले गतिरोधक! इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८च्या मानकात ताशी २५ किलोमीटर वेगासाठी गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच सांगितला होता. गल्लीतले गतिरोधक हे मानक वाचून बांधलेले नसतात.

म्हणून आधी उंची. गाडी सपाट फरशीवर उभी केली, टायरमध्ये हवा नेमकी भरली, भाच्याला चालकाच्या जागी बसवलं. चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंत टेप लावून चारही मापं वहीत लिहिली. प्रत्येक बदलानंतर एक फेरी मारून, गाडी नीट बसल्यावरच पुन्हा मोजलं. शेवटी मूळ उंचीपेक्षा दीड सेंटिमीटर खाली, इथं आम्ही थांबलो. चाक अधांतरी असताना स्प्रिंग सैल पडत नाही ना, पूर्ण वळवल्यावर टायर किंवा ब्रेकची नळी घासत नाही ना, तेही पाहिलं.

मग शॉकअप. खुंटी आधी पूर्ण सैल करायची आणि तिथून 'टक टक' मोजत दोन-दोन घरं पुढं जायचं. डावी-उजवी बाजू सारखी, रस्ता तोच, वेग तोच. एका वेळी एकच बदल. खड्ड्यानंतर गाडी डुलत राहिली तर शॉकअप सैल आहे. खडबडीत रस्त्यावर चाक टणाटण उडू लागलं तर तो कडक झाला. आणि उडणारं चाक रस्ता धरत नाही, म्हणजे ब्रेकही नीट लागत नाही. कडक गाडी म्हणजे सुरक्षित गाडी, हा समज तिथंच गळून पडला.

उंची बदलली की चाकांचे कोनही बदलतात. त्यामुळे अलाइनमेंट करून घ्यावं, नाहीतर टायर एका कडेनं झिजतात. हेडलाइटचा झोतही पुन्हा लावावा.

आणखी एक गोष्ट. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत ठरणारा बदल करता येत नाही. २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हे स्पष्ट केलं. म्हणून आरटीओ आणि विमा कंपनीला आधी विचारावं, खर्च नंतर करावा. आम्ही उलटं केलं; तुम्ही करू नका.

निघताना मिस्त्री म्हणाले, "एकट्यानं चालवून बघू नका. घरात ज्याची पाठ सगळ्यांत नाजूक, त्याला मागं बसवून बघा."

संध्याकाळी आपाला बसवलं. गल्लीतला गतिरोधक हळूच ओलांडला. ती काही बोलली नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "अरे, बाजारातूनच घे. भाजी आणायचीय."