कागद कुठे कोरा ठेवायचा



आज पदवी घेणाऱ्या तुमच्यातले बरेच जण लिहितात, असं कळलं. लिहिताना काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे चित्रं शिकवतात, म्हणून आज मी चित्रांविषयी बोलणार आहे. त्यासाठी लांब जायला नको, कुडाळजवळचं पिंगुळी पुरेल.

तिथल्या ठाकर समाजाची चित्रकथी तुम्हाला ठाऊक आहे. ती जपणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा ज्यांनी ही कला पाहिली नव्हती त्यांनीही मोबाईलवर पाहिली. एका आख्यानाची एक पोथी. सुट्या कागदांवरची चित्रं, पाठीला पाठ लावून चिकटवलेली. सांगणारा एकेक पान समोर धरतो आणि गात, बोलत कथा पुढे नेतो. एखादं पान नीट बघा. माणसं बाजूने काढलेली, डोळे टपोरे, रथ आहे, बाण आहेत. मागे डोंगर नाही, आभाळ नाही. रावण काय म्हणाला, सीता का रडली, हे तोंडाने सांगितलं जाणार, याची चित्रकाराला खात्री होती. एवढ्या मोठ्या रामायणातलं पानावर काय घ्यायचं आणि गळ्यावर काय सोपवायचं, हे त्याने आधीच ठरवलेलं असतं.

दुसरे आपलेच, चित्रकार सावळाराम हळदणकर. जन्म सावंतवाडीचा, १८८२ चा. हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं त्यांचं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. (लोक ते अजून रविवर्म्याच्या नावावर खपवतात, निदान सिंधुदुर्गात तरी असं होऊ नये.) ते जलरंगातलं आहे. तैलरंगात चुकलं तर वरून रंग चढवता येतो. पारदर्शक जलरंगात उजेड म्हणजे कोरा किंवा जेमतेम रंग लागलेला कागद. एकदा तिथे काळोख चढला की उजेड परत आणणं महाकठीण. दिव्यापुढे धरलेल्या बोटांतून तो तांबूस प्रकाश झिरपतो ना, ती जागा राखून मग भोवतीचा अंधार आला.

आपण लिहिताना काय करतो? मालवणवर लेख मागितला की पहिल्या ओळीत निळाशार समुद्र, दुसरीत माड, तिसरीत सोलकढी.

रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून केलेल्या मासेमारीवर, लिहायचं आहे, असं धरा. होडीतून जाळं टाकलं, दोन्हीकडून दोर ओढले, वाळूवर मासळी आली, वाटे पडले. मी वाट्यांचं पान ठेवीन. कोण पुढे सरकतो, कोण उगाच दोर गुंडाळत बसतो, टोपली घेऊन मागे थांबलेल्या म्हातारीकडे न बघता तिच्या टोपलीत चार बांगडे कोण टाकतो. म्हातारीला काय वाटलं ते मी लिहिणार नाही. सूर्योदयही नाही, त्याचे फोटो पर्यटक काढतातच.

तुमच्यातली एखादी म्हणेल, सर, मी रिकाम्या जाळ्याचं पान घेईन. पर्ससीन जाळीवाल्यांविरुद्ध इथले रापणकार इतकी वर्षं भांडतायत, ते त्याच रिकाम्या जाळ्यापायी. जरूर घे. मग वाटे मात्र सोडून दे. एका लेखात दोन्ही कोंबू नकोस.