फुटक्या बाटलीची किंमत कोणाची?

(बल्लारपूर येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



स्त्रियांच्या दीर्घ लढ्यानंतर चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली दारूबंदी झाली आणि २०२१ साली ती उठवली गेली. त्या निर्णयाची चर्चा आपण अनेकदा केली आहे. आज मला बोलायचे आहे ते रिकाम्या बाटलीविषयी. दारूचा महसूल सरकारजमा होतो, नफा कंपनीला मिळतो. बाटली मात्र नालीत पडते आणि ती उचलताना हात कापतो तो कचरा वेचणाऱ्या बाईचा. अखंड बाटलीला थोडाफार भाव येतो. ती फुटली की मातीमोल होते.

वस्तुतः ती मातीमोल नाही. वाळू, सोडा आणि चुनखडी यांपासून काच करायची तर भट्टी सुमारे १५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावी लागते. तयार काचेला नवा आकार देण्यास एवढी उष्णता लागत नाही. ७५० ते ८०० अंशांच्या सुमारास बाटली मऊ होऊन साच्यात बसते व तिची ताटली होते. आणखी थोडे तापवले की काचेचे तुकडे एकजीव होतात. साचा भाजलेल्या मातीचा चालतो. काच चिकटू नये म्हणून त्यावर चिनी मातीचा पातळ लेप द्यावा लागतो.

पथ्ये दोन. निरनिराळ्या बनावटीच्या बाटल्यांचे तुकडे एकत्र करू नयेत, कारण प्रत्येक काच सारखी प्रसरण पावत नाही आणि जोड तडकतो. दुसरे, निवताना काच साडेपाचशे अंशांच्या आसपास काही काळ राखून मग सावकाश थंड करावी, म्हणजे तिच्यातील ताण उतरतो.

हे ज्ञान आपल्याला परके नाही. याच जिल्ह्यात भद्रावतीला कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी १९५५ साली ग्रामोदय संघ उभारून कुंभारकामाला नव्या तंत्राची जोड दिली. भांडवलाची सबबही पुरेशी नाही. लोकांनी दिलेल्या एकेका पैशातून जमलेल्या पैसा फंडाने १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना काढला होता.

खरा प्रश्न मालकीचा आहे. बाटलीची ताटली झाली की तिचे मोल अनेक पटींनी वाढते. भट्टी ठेकेदाराची असेल, तर वेचणाऱ्या बाईच्या पदरी पूर्वीचाच किलोचा भाव पडेल. पुण्यात १९९३ साली बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. तिच्यातूनच पुढे निघालेल्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने २००८ साली महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम हाती घेतले. संघटनेने हक्क मिळाला, तो असा.

मात्र भाबडेपणा नको. एक छोटी भट्टी गावातील सगळ्या बाटल्या पचवू शकणार नाही. म्हणून कंपन्यांनी बाटल्या परत घेऊन, धुऊन पुन्हा भराव्यात, ही मागणी सोडता कामा नये. भट्टी हा त्या मागणीला पर्याय नव्हे. फुटलेल्या काचेतून चार घरे चालावीत, एवढाच तिचा उद्देश.

कोळसा आणि कागद यांवर वाढलेल्या या गावाला संघटनेचे महत्त्व सांगायला नको. कचरा वेचणाऱ्या भगिनींची नोंदणी करा, त्यांची सहकारी संस्था उभी करा, आणि नगर परिषदेकडे भट्टीसाठी एक शेड मागा. दान म्हणून नव्हे, श्रमाचा हक्क म्हणून.