तृणधान्य शेती परिषद, सोलापूर : स्वागताध्यक्षांचे भाषण

सन्माननीय अध्यक्षमहाराज, प्रतिनिधी आणि शेतकरी बंधुभगिनींनो,

ज्या नगरीत बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी तळे खोदण्याच्या श्रमालाही साधनेची प्रतिष्ठा दिली, जिच्या नगरपालिकेवर १९३० साली परकीय सत्तेच्या डोळ्यांदेखत राष्ट्रध्वज फडकला आणि जिने मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन व श्रीकिसन सारडा हे चार सुपुत्र १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या फासाला दिले, त्या सोलापुरात मी आपले अंतःकरणपूर्वक स्वागत करतो.

हुतात्म्यांची नावे येथील पोरासोरांना पाठ आहेत. दुसरे एक नाव मात्र आम्ही विसरलो, याची खंत मला फार दिवसांची आहे. १९३३ साली येथे कोरडवाहू शेतीचे संशोधन सुरू झाले आणि कानिटकरांनी, एखाद्या इमानी कारकुनाने सरकारी खजिन्याचा ठेवावा तसा, काळ्या रानातल्या ओलीचा हिशेब ठेवला. बांध घालावेत, बी विरळ पेरावे, वरचेवर कोळपावे, ही मुंबई इलाख्याची पद्धत त्यांनी तपासली, आणि १९४४ साली त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. आमच्या सभांतून त्यांचे नाव निघत नाही. आज ते आदराने घेतो.

आपल्या विषयात माझा अधिकार अल्प आहे. परंतु मोहोळच्या केंद्राने निवडलेली मालदांडी ज्या मुलखात पिकते, तेथे एवढे कळते की रब्बीची ज्वारी जमिनीत मुरलेल्या ओलीवर जगते आणि त्या ओलीवर तणाचाही डोळा असतो. म्हणून दोन चाड्यांच्या पाभरीने बियाण्याबरोबर खत पेरले, तरी तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यातली कोळपणी चुकली, तर खताचा पैसा आपला जातो आणि पोसली जाते हरळी. खुरपणीची मजुरी वाचवणे पुष्कळदा महाग पडते. आणखी एक विनंती : जमाखर्चात कडबा धरावा, तो वगळून मांडलेली ज्वारी उगाच आतबट्ट्याची दिसते.

गड्ड्याच्या यात्रेमुळे धर्मशाळा भरल्या, काही प्रतिनिधींना शाळेच्या वर्गांत पथारी टाकावी लागली, आणि रात्रीच्या गाडीने आलेल्यांना आमच्या चुकीने स्टेशनवर ताटकळावे लागले. याबद्दल मी हात जोडून क्षमा मागतो. ज्वारीची पोती पाठवणारे अडते, थंडी ओळखून न मागता चादरी देणारे कारखानदार, पहाटेपासून भाकऱ्या थापणाऱ्या आणि शेंगाचटणी कुटणाऱ्या भगिनी, मंडपाचे भाडे न घेणारे गृहस्थ, यांच्या ऋणात स्वागतसमिती राहील.

सायंकाळी हुरड्याचा बेत आहे. पाच वाजता मंडपाच्या पूर्वद्वारातून गाड्या निघतील. अध्यक्षमहाराजांनी परिषदेची सूत्रे स्वीकारावीत, अशी प्रार्थना करतो.