मासा मरण्याआधी

भीमेच्या खोऱ्यात, उजनी जलाशयाच्या परिसरात भरलेल्या या परिषदेसाठी पर्यावरणातील ताण आणि माशांची शरीरक्रिया हा विषय ठरला तेव्हा तो प्रयोगशाळेतल्या मंडळींपुरताच आहे, अशी शंका काहींनी बोलून दाखवली होती. मला मात्र तो नदीकाठी राहणाऱ्या प्रत्येकाचा विषय वाटतो. आपल्याकडे पाण्याबद्दलची तक्रार ऐकून घेतली जाते ती बहुधा मासे मेल्यावर. पांढरी पोटे काठाला लागली की पंचनामा होतो, बाटल्यांत नमुने भरले जातात, बातमी छापून येते. त्याआधी कित्येक महिने पाणी बिघडत असले, तरी ‘मासे तर जिवंत आहेत ना’ एवढ्यावर विषय मिटतो. माझे म्हणणे असे, की मासे जिवंत आहेत म्हणून पाणी चांगले आहे असे ठरत नाही. मरण्याच्या फार आधी माशाच्या शरीराने त्या पाण्याविरुद्ध साक्ष दिलेली असते, आणि ती नोंदवून घेण्याइतके ज्ञान आज आपल्यापाशी आहे.

माशाचा संसार किती काटकसरीचा असतो ते आधी पाहू. एक लिटर हवेत सुमारे २१० मिलिलिटर ऑक्सिजन असतो. एक लिटर पाण्यात तो १० मिलिलिटरही नसतो. त्यात पाणी तापले की हा साठा आणखी आटतो. गोड्या पाण्यात २० अंश सेल्सियसला लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो, ३० अंशांना साडेसात. आणि नेमक्या त्याच वेळी, शरीर तापल्यामुळे, माशाची गरज वाढलेली असते. एवढ्या तुटपुंज्या पुरवठ्यावर जगायचे तर कल्ल्यांची त्वचा अतिशय पातळ आणि पसरट असावी लागते. पण जी पातळ त्वचा ऑक्सिजन आत घेते, तीच गोड्या पाण्यातल्या माशाच्या रक्तातले क्षार बाहेर झिरपू देते आणि बाहेरचे पाणी आत येऊ देते. धोका जाणवताच काही सेकंदांत अ‍ॅड्रिनॅलिनसारखी संप्रेरके रक्तात उतरतात, कल्ल्यांतून जास्त रक्त खेळू लागते, ऑक्सिजन वाढतो, आणि त्याबरोबर क्षारांची गळतीही वाढते. श्वास आणि मीठ यांतले एक सांभाळायला जावे तर दुसरे सुटते. पाठोपाठ मेंदूकडून पीयूषिका ग्रंथीला आणि तिच्याकडून मूत्रपिंडाच्या डोक्याकडील भागातल्या पेशींना निरोप जातो, आणि काही मिनिटांत कॉर्टिसॉल वाढू लागते. अनेक जातींत अर्ध्या ते एका तासात ते शिखराला पोहोचते. यकृतातला साठा मोडून रक्तात साखर सोडली जाते. माणसाच्या शरीरात क्षारांचा तोल राखण्यासाठी अल्डोस्टेरॉन हे वेगळे संप्रेरक असते. हाडांच्या माशांत ते नसल्याने तोही भार बराचसा कॉर्टिसॉलवरच पडतो. म्हणूनच हे संप्रेरक दीर्घकाळ वाढलेले राहिले तर माशाच्या शरीरातला जवळजवळ प्रत्येक व्यवहार विस्कटतो.

यावर पहिला आक्षेप असा, की हा प्रतिसाद निसर्गानेच दिलेले संरक्षण आहे. मासा ताणाला तोंड देतो आहे म्हणजे तो समर्थ आहे, मग चिंता कशाची? आक्षेपाचा पूर्वार्ध मला पूर्ण मान्य आहे. हा प्रतिसाद नसता तर बगळ्याच्या चोचीतून एकही मासा सुटला नसता. पण बगळा येतो आणि जातो. सांडपाणी येते आणि राहते. इंग्लंडमधील विंडरमियर सरोवराकाठी काम करणाऱ्या पिकरिंग आणि पॉटिंजर यांनी १९८५ साली दाखवून दिले, की ब्राउन ट्राउटच्या शरीरात बाहेरून कॉर्टिसॉल वाढवले, तर एरवी पचून जाणारे बुरशीचे आणि जिवाणूंचे रोग त्याला मारतात. कॉर्टिसॉल हे काही विष नव्हे, ते माशाचे स्वतःचेच संप्रेरक. तरीही ते लांबले की प्रतिकारशक्ती खचते. १९९२ मध्ये कॅम्पबेल, पॉटिंजर आणि सम्प्टर यांनी विणीच्या आधीचे काही महिने रेनबो ट्राउटला अधूनमधून थोडा थोडा ताण दिला. अंडी उशिरा आली, लहान आली, नरांचे शुक्राणू घटले आणि पिल्ले जगण्याचे प्रमाण उतरले. आपल्या तळ्यांत सायप्रिनस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माशावर हाँगकाँगमध्ये काम झाले. त्याचा २००३ चा निष्कर्ष असा, की ऑक्सिजनची दीर्घकाळ कमतरता त्याच्या लैंगिक संप्रेरकांचाच तोल बिघडवते. या प्रयोगांतले मासे नुसते पाहणाऱ्याला जिवंतच दिसले असते. नुकसान पुढच्या पिढीच्या खात्यावर पडत होते.

दुसरा आक्षेप संशोधकांकडून येतो आणि तो जास्त गंभीर आहे. कॉर्टिसॉल फार चंचल आहे, ते म्हणतात. जाळे टाकले, मासा हातात धरला, की तेवढ्यानेच ते चढते. मग मोजलेला आकडा पाण्याचा की जाळ्याचा? शिवाय जात, वय, ऋतू, दिवसाची वेळ यांप्रमाणे तो बदलतो. हे खरे आहे, आणि एका माशाच्या एका नमुन्यावरून कारखान्याला नोटीस काढा असे कोणी म्हणू नये. पण कॅनडात अ‍ॅलिस होंटेला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही अडचणच कसोटी म्हणून वापरली. प्रदूषित आणि स्वच्छ जागांचे यलो पर्च आणि नॉर्दर्न पाइक हे मासे त्यांनी पकडले आणि पकडण्याच्या धक्क्याने कॉर्टिसॉल किती चढते ते पाहिले. स्वच्छ पाण्यातल्या माशांत ते अपेक्षेप्रमाणे चढले. प्रदूषित पाण्यातल्या माशांत नीट चढलेच नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेले हे काम मला या साऱ्या शास्त्रातले सर्वांत अस्वस्थ करणारे वाटते. कमी आकडा पाहून मासा निवांत आहे असे आपण समजलो असतो, आणि प्रत्यक्षात त्याची धोक्याला प्रतिसाद देण्याची यंत्रणाच थकलेली होती. तेव्हा आकडा एकटा न वाचता, धक्का दिल्यावर तो किती चढतो आणि किती वेळात उतरतो हे वाचायला हवे. शिवाय कॉर्टिसॉल खवल्यांतही साठत जाते, हे आता माहीत आहे. पकडण्याच्या घाईचा त्यावर फारसा परिणाम होत नाही आणि मागच्या काळातल्या ताणाची खूण त्यात राहते.

तिसरे म्हणणे प्रशासनाचे: पाणीच थेट मोजता येते, मग माशाला मध्ये कशाला आणायचे? इथे मला थोडे थांबावेसे वाटते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत ‘ड’ वर्ग वन्यजीव आणि मत्स्यव्यवसायासाठी आहे. त्यासाठी विरघळलेला ऑक्सिजन लिटरला किमान ४ मिलिग्रॅम, सामू ६.५ ते ८.५ आणि मुक्त अमोनिया जास्तीत जास्त १.२ मिलिग्रॅम असावा, असे म्हटले आहे. प्रश्न आधी वेळेचा येतो. सांडपाण्याने हिरव्या झालेल्या जलाशयात शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडते आणि रात्रभर तोच ऑक्सिजन खाते. सकाळी अकराच्या सुमारास कर्मचारी नमुना घेतात तेव्हा आकडा समाधानकारक येतो. पहाटे चार-पाचला त्याच जागी मासे पृष्ठभागाशी तोंडे वासून असतात. दुपारी उलटी गत होते. शेवाळ कार्बन डायऑक्साइड ओढून घेते, सामू चढतो, आणि पाण्यातल्या एकूण अमोनियाचा जास्त भाग विषारी, मुक्त रूपात जातो. ३० अंशांच्या पाण्यात सामू ७ असेल तर हा भाग एक टक्काही नसतो. सामू ९ झाला की चाळीस टक्क्यांच्या वर जातो. बाटलीला यातला एकच क्षण ठाऊक असतो, मासा चोवीस तासांचा हिशेब अंगावर वागवतो. दुसरा प्रश्न त्या १.२ चा. युरोपातील गोड्या पाण्याच्या माशांसाठी मुक्त अमोनियाची मर्यादा ०.०२५ मिलिग्रॅम धरली गेली. आपला आकडा त्याच्या पन्नासपटीच्या आसपास जातो, आणि या पातळीला अनेक जातींचे मासे चार दिवसही तग धरत नाहीत. आपले मासे उष्ण प्रदेशातले, अधिक चिवट आहेत हे मान्य करूनही एवढ्या अंतराचे समर्थन शरीरक्रियाशास्त्रातून होऊ शकत नाही. या परिषदेने त्यावर स्पष्ट बोलावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

मासे सवयीने जुळवून घेतात, असेही सांगितले जाते. मुंबईच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत रोहू, कटला आणि मृगळ यांवर झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात दिसले, की जास्त तापमानाच्या पाण्यात सवय झालेले मासे अधिक उष्णता सोसतात. पण त्याच कामात त्यांचा ऑक्सिजनचा वापरही तापमानाबरोबर वाढलेला दिसला. म्हणजे सोसण्याची ताकद वाढते ती जास्त ऑक्सिजन खर्चून, आणि तापलेल्या पाण्यात तो आधीच कमी असतो. जुळवून घेणे सगळ्यांना सारखे जमतही नाही. उजनीत मासळी भरपूर निघते, मग पाणी वाईट कसे, असे विचारणाऱ्यांनी भिगवणच्या बाजारातल्या पाट्या पाहाव्यात. त्यांत चिलापी किती असते? चिलापीच्या वाढीला इतरही कारणे आहेत. ती वर्षात अनेकदा विते, पिल्ले तोंडात सांभाळते. तरीही रोहू-कटला गुदमरतील इतक्या कमी ऑक्सिजनमध्ये ती तग धरते, हे तिच्या शरीराचे वैशिष्ट्य विसरून चालणार नाही. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी ज्या जलाशयात उतरते, तिथे कोण टिकले आणि कोण मागे पडले, ही यादीसुद्धा शरीरक्रियेचीच नोंद आहे.

राहिला खर्चाचा मुद्दा. संप्रेरकांची चाचणी प्रत्येक मच्छीमार संस्थेला परवडणार नाही, हे उघड आहे. पण बीज पिशवीत भरण्याआधी बोटुकलीला हाप्यात, म्हणजे पाण्यातल्या जाळीच्या पिंजऱ्यात, उपाशी ठेवणारा, पोट रिकामे असले की प्रवासात अमोनिया कमी होतो हे अनुभवाने जाणणारा शेतकरी या शास्त्राला परका नाही. खाद्य कमी उचलले जाणे, पहाटे मासे वर येणे, सोडलेले बीज आठवड्याने मरू लागणे, या खुणा तो रोज पाहतो. त्या लिहून ठेवण्याची सोय आणि त्या नोंदींना पुरावा म्हणून मान्यता, एवढे त्याला हवे आहे. प्रयोगशाळांनी मोजक्या ठिकाणी वर्षभर रक्त आणि खवले तपासावेत, खात्याने पहाटेचा नमुना सक्तीचा करावा आणि मच्छीमारांच्या नोंदी त्याच वहीत याव्यात. या तिन्ही गोष्टींचा मसुदा स्वागत समितीने तयार केला असून तो आपल्यासमोर ठेवलेल्या कागदपत्रांत आहे. दुपारच्या सत्रात त्यावर परखड चर्चा व्हावी, त्यातल्या त्रुटी आपण दाखवून द्याव्यात, ही विनंती करून मी उद्घाटकांना परिषदेचे उद्घाटन करण्यासाठी आमंत्रित करतो.