डाइड की एक्स्पायर्ड?

अब्बा गेले तेव्हा त्यांच्या बँकेतल्या खात्यासाठी मला एक इंग्रजी अर्ज लिहावा लागला. मी बी.ए. झालेला, कवितेत शब्द तोलणारा माणूस. पण पहिल्याच वाक्याशी अडलो. शेवटी 'माय फादर डाइड' असं लिहून दिलं. खिडकीतल्या गृहस्थांनी ते खोडलं आणि वर लिहिलं, 'एक्स्पायर्ड'. म्हणाले, "अर्जात असं लिहायचं असतं."

घरी आलो. अब्बांच्या उरलेल्या गोळ्यांच्या पाकिटावर तोच शब्द, तारखेसकट.

इंग्रजीत ही भानगड जुनी आहे. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. दरबारात, कचेरीत फ्रेंच बसली, विद्येच्या ठिकाणी लॅटिन होतीच. इंग्रजी राहिली शेतात आणि चुलीपाशी. म्हणून 'आस्क' घरातला आणि 'इन्क्वायर' कचेरीतला; 'बाय' बाजारातला आणि 'परचेस' पावतीवरचा. वकिलांनी तर मृत्युपत्राला 'विल' आणि 'टेस्टामेंट' दोन्ही लावून टाकले, एक घरचा, एक लॅटिन!

'एक्स्पायर'ही लॅटिनमधूनच आलेला. मूळ अर्थ, श्वास बाहेर सोडणं. अर्थ काही वाईट नाही. पण आज ब्रिटनमध्ये बहुधा परवाना एक्स्पायर होतो, तिकीट होतं, माणूस 'डाइज'. सांत्वन करताना 'पास्ड अवे' म्हणतील, कायद्याच्या कागदावर 'डिसीज्ड' येईल. पण साधं 'डाइड' म्हटल्यानं कुणाचा अपमान होत नाही. छोट्या शब्दानं भागत असेल तर मोठा वापरू नका, असं जॉर्ज ऑर्वेलनं १९४६ सालीच बजावलं होतं. आपण मात्र समजतो, शब्द जितका अवजड तितका आदर जास्त.

त्या गृहस्थांचं तरी काय चुकलं? मराठीत 'मेले' म्हणवत नाही, 'वारले' म्हणतो. वर्तमानपत्रात 'निधन' होतं. त्यांना इंग्रजीतलं 'वारले' हवं होतं, हाताशी 'एक्स्पायर्ड' आला.

मी तो अर्ज घरी नेऊन पुन्हा लिहिला. 'डाइड' तसाच ठेवला. दुसऱ्या दिवशी खिडकीत वेगळे गृहस्थ होते, त्यांनी न वाचताच शिक्का मारला.

अम्मीला इंग्रजी येत नाही. तिनं विचारलं, "कागदावर काय लिहिलंस त्यांच्याबद्दल?"

मी म्हणालो, "इंतकाल." एका जागेहून दुसऱ्या जागी जाणं. तिनं मान हलवली आणि गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत भरायला घेतली.