पोक पाठीला, भार पायांना



घरातल्या वयस्कर माणसाला आपण दिवसातून चारदा बजावतो, "ताठ बसा, पोक काढू नका." बोलणारा मायेनेच बोलतो, पण ऐकणाऱ्याच्या ते हातात राहिलेले नसते. शिवाय पोक म्हणजे केवळ दिसण्याची गोष्ट, हा आपला समजही खरा नाही.

छातीमागचा कणा मुळातच थोडा बाकदार आणि कमरेचा आत वळलेला असतो. या वळणांमुळे डोक्याचा-धडाचा भार नीट पावलांवर उतरतो. वयाबरोबर मणक्यांमधल्या चकत्या चपटतात, पाठ धरून ठेवणारे स्नायू थकतात आणि बाक वाढतो. साधारण 40 अंशांपुढे गेला की डॉक्टर त्याची दखल घेतात.

पोक आलेले एखादे आजोबा चालताना नीट बघा. धड पुढे गेले म्हणून तोल सावरायला कंबर मागे जाते, गुडघे किंचित वाकतात. वाकल्या गुडघ्यांवर उभे राहायचे तर मांडीच्या स्नायूंना उसंत मिळत नाही. पाऊल आखूड पडते, देवळापर्यंत जाताना मध्येच कट्ट्यावर टेकावे लागते. समोरचे दिसावे म्हणून मान उचलून धरावी लागते, ती संध्याकाळी ठणकते. घरचे म्हणतात, गुडघे गेले. पुष्कळदा ते गुडघे पाठीची उणीव भरून काढत असतात.

हे घरीही तपासता येते. खुर्चीतून उठायचे, तीन मीटर चालायचे, वळून परत येऊन बसायचे. 1991 साली मांडलेली ही चाचणी आहे. 12 सेकंद किंवा जास्त लागले, तर पडण्याचा धोका आहे असे धरतात.

मग पाठ सरळ केली की चाल सुधारते का? अमेरिकेत साठीपुढच्यांवर केलेल्या, 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सहा महिन्यांच्या व्यायामाने बाक सुमारे तीन अंशांनी उतरला, पण चालण्या-उठण्यात ठळक फरक दिसला नाही. माझ्या मते पाठीच्या जोडीने पायांची ताकद आणि तोल यांवरही तितकीच मेहनत हवी.

आता सर्वांत काळजीचे. अमेरिकेतल्याच, 1984 सालच्या एका अभ्यासात मणक्याची हाडे ठिसूळ झालेल्या 59 स्त्रिया होत्या. पाठ मागे नेणारे व्यायाम करणाऱ्यांपैकी 16 टक्के जणींचे मणके नव्याने दबले. पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्यांत हे प्रमाण 89 टक्के होते. अभ्यास लहान होता, तरी हा फरक डोळ्यांआड करण्याजोगा नाही. आपल्याकडे तर पादहस्तासन सगळ्यांना सरसकट सांगितले जाते!

म्हणून, नेमका बसणारा परकर आईच्या घोट्याखाली लोळू लागला असेल, तर उंची घटली आहे, कदाचित मणका दबला आहे. आधी एक्स-रे काढा, हाडांची घनता तपासा. तोवर पुढे वाकण्याची आसने बंद ठेवा. हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठण्याचा सराव मात्र, जवळ कुणीतरी उभे राहून, रोज करून घ्या.